भाजणीचा डबा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात खातेवाटप होते. फराळ सौभाग्यवतींकडे, आकाशकंदील मुलांकडे, आणि चकलीची भाजणी गिरणीत पोचवून दळून आणणे माझ्याकडे. हे खाते गेली कित्येक वर्षे माझ्याकडेच आहे आणि गेली कित्येक वर्षे मी ते सारख्याच नालायकपणे सांभाळीत आलो आहे. परवा सकाळी नऊला डबा घेऊन बाहेर पडलो तो साडेअकराला परत आलो. चष्म्यावर पीठ, भुवयांत पीठ, कानांत पट्ट्याची घरघर.

"एवढा वेळ काय करीत होतात?"

"बसलो होतो. बाकावर. गर्दी होती."

"बसायला कोणी सांगितलं होतं? झाकणावर नाव लिहिलंय ना आपलं? डबा ठेवायचा आणि यायचं. झालं की तो पोऱ्या हाक मारतो. तेवढ्यात पणत्या झाल्या असत्या, वाण्याकडची यादी झाली असती..."

ती म्हणाली ते सोळा आणे खरे होते. आणि ते ऐकताना माझा चेहरा पडला तो केवळ पणत्यांसाठी नव्हे. डबा ठेवून निघून न येता बाकावर बसून राहण्याच्या याच सवयीपायी मी एकदा एका म्हातारीचे चार हजार रुपये बुडवण्याच्या बेतात आलो होतो. ती हकीकत या सदरात मी आजवर लिहिली नाही. दर आठवड्याच्या दीड कॉलमात ती मावण्यासारखी नव्हती, हे एक कारण. सांगायला लाज वाटत होती, हे दुसरे आणि खरे. दिवाळी अंकात संपादक पाने सैल सोडतात, तेव्हा आता सबब उरली नाही.

गोष्ट २००८ सालच्या दिवाळीआधीची. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेला मी प्रोग्राम लिहून दिला होता. संस्थेचे नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. मुख्य कचेरी तालुक्याच्या गावी, आणि आसपासच्या खेड्यांत पाच शाखा. सगळी खाती मुख्य कचेरीतल्या सर्व्हरवर. शाखेत काउंटरवर एक संगणक आणि त्यावर माझा प्रोग्राम. खातेदाराने पैसे काढण्याची स्लिप दिली की कॅशियरने खाते क्रमांक आणि रक्कम भरायची, बटण दाबायचे, मुख्य कचेरीकडून 'नावे टाकले' असे उत्तर आले की पैसे मोजून द्यायचे. उद्घाटनाला नारळ फोडला, मला शाल-श्रीफळ मिळाले, आणि मी पुण्याला परत आलो.

दिवाळीला आठवडा असताना एका शाखेच्या मॅनेजरांचा फोन आला.

"साहेब, इथे एक आजी आल्यात. त्यांच्या खात्यावर नऊ हजार दोनशे पन्नास होते. गेल्या सोमवारी चार हजार काढले. आज आणखी दोन हजार पाहिजेत म्हणतात, आणि संगणक दाखवतोय शिल्लक साडेबाराशे. चार हजार दोनदा नावे पडलेत. आजी म्हणतात, मी एकदाच उचलले."

मी विचारले, "नोंदी दोन आहेत ना?"

"आहेत. एक अकरा बेचाळीसला, दुसरी अकरा चव्वेचाळीसला."

"मग झालं तर. प्रोग्राम आपणहून काही लिहीत नाही. दोन नोंदी आहेत म्हणजे बटण दोनदा दाबलं गेलंय. दोनदा पैसे दिले असतील."

हे वाक्य मी पुण्यात, खुर्चीत रेलून, चहा पीत उच्चारले. आज ते आठवले की चहा कडू होतो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, फक्त शेवटचे वाक्य सोडून. मॅनेजरांनी ते तसेच्या तसे काउंटरपलीकडे पोचवले. 'आजी, संगणकात दोनदा आहे, आणि संगणक खोटं बोलत नाही.' आजी काही बोलल्या नाहीत. शाखेच्या पायरीवर जाऊन बसल्या. संध्याकाळी शटर ओढेपर्यंत बसल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायला माणूस आला तेव्हा त्या पुन्हा तिथेच होत्या. दुपारी मॅनेजरांचा दुसरा फोन आला, "साहेब, बाई हलत नाहीत. लोक बघतायत. तुम्ही एकदा येऊनच जा."

मी एस.टी.ने गेलो. मनातून चिडूनच. आजी पायरीवर होत्या. मी जवळ गेल्यावर त्यांनी मला खालून वर न्याहाळले आणि म्हणाल्या, "त्ये मशीन तुमीच केलंया न्हवं? मग त्येला इचारा. म्या पैसं येकदाच उचललं. आंगठा बी येकदाच दिला."

अंगठ्याची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. सोमवारच्या स्लिपांचा गठ्ठा सोडवला. आजींची स्लिप एकच, अंगठा एकच. मॅनेजर म्हणाले, एखादी स्लिप गहाळ होते गर्दीत. पण कॅशियरचा चेहरा बदलला. तरुण मुलगा होता, नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. त्याने खणातून एक वही काढली. सोमवारी संध्याकाळी त्याच्याकडची रोकड हिशेबापेक्षा चार हजारांनी जास्त भरली होती. कोणाला तरी कमी दिले गेले, तो येईल मागायला, असे समजून ती सस्पेन्स खात्यात टाकली होती.

"सोमवारी त्या वेळेला काय झालं होतं, आठवतंय?" मी विचारले.

"काही नाही. तुमचा प्रोग्राम मेला होता."

"मेला म्हणजे?"

"म्हणजे पांढरा पडला. वर इंग्रजीत आलं, नॉट रिस्पॉन्डिंग. मग मी तो बंद केला, परत चालू केला, परत भरलं. रोज दोन-चार वेळा होतं की तसं."

"मग मला कधी सांगितलं नाहीत?"

"आम्हाला वाटलं, असंच असतं."

हे चार शब्द मी कधी विसरणार नाही.

आता जरा आतली गोष्ट सांगतो, म्हणजे चूक कोणाची ते कळेल. वेब सर्व्हिस म्हणजे दुसऱ्या गावच्या संगणकाने उघडलेला एक काउंटर समजा. इथून ठरावीक नमुन्याचा अर्ज जायचा, तिथून उत्तर यायचे. त्या काळी हा अर्ज बहुधा 'सोप' नावाच्या नमुन्यात लिहिला जाई, त्याची १.१ ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. कोणकोणते अर्ज इथे घेतले जातील याची पाटीही लावावी लागे. तिचे नाव 'डब्ल्यूएसडीएल'. २००२ साली मायक्रोसॉफ्टने डॉटनेट बाजारात आणले तेव्हा त्यातली गंमत अशी होती की ती पाटी तुम्ही वाचायचीच नाही. व्हिज्युअल स्टुडिओ ती वाचतो आणि तुमच्या वतीने तिकडे जाऊन येणारा एक मुखत्यार लिहून देतो. इंग्रजीत त्याला 'प्रॉक्सी' म्हणतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने फक्त मुखत्याराला सांगायचे, 'या खात्यावर चार हजार नावे टाक.' एक ओळ. दोन आणि दोनची बेरीज करायलाही एकच ओळ लागते. दिसायला दोन्ही सारख्याच. पण या दुसऱ्या ओळीत चाळीस किलोमीटरची तार दडलेली आहे. पावसात भिजणारी, रस्ता खणताना तुटणारी. बेरीज क्षणात होते. ही ओळ अर्ध्या सेकंदात संपेल किंवा दीड मिनिटात. ओळीच्या तोंडावरून काही कळत नाही.

मी ती ओळ बटणाच्या मागे सरळ लिहून टाकली होती. म्हणजे गिरणीत जाऊन बाकावर बसलो होतो.

आणि बसणारा कोण, हे महत्त्वाचे. विंडोजच्या प्रोग्राममध्ये खिडकी सांभाळणारा एकच गडी असतो. त्याला 'थ्रेड' म्हणतात, आपण गडीच म्हणू. त्याच्यापुढे निरोपांची रांग असते: बटण दाबले गेले, अक्षर टंकले, खिडकी पुन्हा रंगव. एक निरोप उचलायचा, काम करायचे, पुढचा उचलायचा. तो गडीच जर चाळीस किलोमीटरवरच्या उत्तराची वाट पाहत बसला, तर खिडकी रंगवायलाही कोणी उरत नाही. असा प्रोग्राम पाच सेकंद निरोप उचलेनासा झाला की विंडोज त्याला 'प्रतिसाद देत नाही' असे ठरवते. खरी खिडकी लपवते आणि तिच्या जागी तशीच दिसणारी एक पोकळ खिडकी उभी करते. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत तिचे नाव चक्क 'घोस्ट', म्हणजे भूत. ती हलवता येते, बंद करता येते. बाकी काही नाही.

उलट मुखत्याराची सबुरी किती? कोणी बदलली नाही तर शंभर सेकंद. म्हणजे पाच सेकंदांनी विंडोज कॅशियरला सांगते की प्रोग्राम गेला, आणि प्रोग्राम मात्र आणखी पंचाण्णव सेकंद जिवंत असतो, मुकाट्याने वाट पाहत. त्या पंचाण्णव सेकंदांत काय करायचे ते काउंटरवरच्या पोराने ठरवायचे. समोर वीस माणसांची रांग, दिवाळीचे दिवस. त्याने जे केले ते तुम्ही-आम्हीही केले असते. प्रोग्राम मारला. पण प्रोग्राम मारला म्हणून तारेवरून गेलेला अर्ज परत येत नाही. तो केव्हाच पोचला होता, मुख्य कचेरीने इमानाने चार हजार नावे टाकले होते, उत्तर तेवढे वाटेत रखडले होते. मग दुसरा अर्ज गेला, आणि मुख्य कचेरीने तोही इमानाने पाळला.

संगणक खोटे बोलला नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच लबाडीचा होता, आणि तो मी लिहिला होता.

त्याच दिवशी सस्पेन्स खात्यातले चार हजार आजींच्या खात्यात जमा झाले आणि त्यांना दोन हजार मिळाले. माझ्याकडे न पाहता त्या निघून गेल्या. मी शाखेतच राहिलो. कॅशियरच्या घरी जेवलो, आणि रात्री काउंटरवर बसून दुरुस्तीला लागलो.

दुरुस्तीचा पहिला भाग सोपा होता आणि तो न करण्याला मला काही सबब नव्हती. डॉटनेटची २.० आवृत्ती २००५ साली आली, तेव्हापासून तो मुखत्यार प्रत्येक कामाच्या दोन तऱ्हा लिहून देई. एक साधी, मी वापरली ती. दुसरीच्या नावाला 'असिंक' अशी शेपटी. कोशातला शब्द 'असमकालिक' असा आहे. तो उच्चारीपर्यंत मुख्य कचेरीचे उत्तर येऊन जाईल. आमच्या सौभाग्यवतींच्या भाषेत: डबा ठेवून या. ही दुसरी ओळ अर्ज रवाना करून तत्काळ परत येते, खिडकीचा गडी मोकळा होतो, आणि उत्तर आले की 'झाले' अशी हाक येते. ती हाक आल्यावर काय करायचे ते आधी लिहून ठेवायचे. हाकेबरोबर उत्तर येते तशी तक्रारही येते. म्हणून आधी 'काही बिघडले का' हे विचारावे आणि मगच उत्तराला हात लावावा. डब्याचे झाकण उघडून पाहण्याआधी तो आपलाच आहे आणि सांडलेला नाही, हे पाहतोच ना आपण.

त्याआधीच्या आवृत्त्यांत हीच गोष्ट 'बिगिन' आणि 'एंड' अशा जोडीने करावी लागे, आणि तिथे एक खोच होती. उत्तर घेऊन येणारा गडी वेगळाच असे, आणि विंडोजच्या घरात खिडकीला तिच्या स्वतःच्या गड्याखेरीज कोणी शिवायचे नाही असा दंडक आहे. आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण व्हावी असा. बाजारातून आलेल्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकायचे नाही. उंबऱ्याशी सामान ठेवायचे आणि हाक मारायची, मग आजी हवे तेव्हा ते आत घेई. डॉटनेटमध्ये त्या हाकेला 'इन्व्होक' म्हणतात. सोवळे मोडले की २.० पासून तक्रार होई, पण तीत एक मेख अशी की ती तक्रार मुळात डीबगर जोडलेला असतानाच होते. म्हणजे माझ्या टेबलावर चूक पकडली जाई. शाखेत मात्र कोणी बोलत नसे, आणि खिडकी कधी बरी चाले, कधी वेड्यासारखी. 'असिंक'वाल्या तऱ्हेत ही हाक योग्य गड्याकडेच येते, ती कटकट वाचते. बरेच मोठे सुख आहे ते.

रात्री दोनपर्यंत एवढे झाले. चाचणीसाठी मी तार उपटून पाहिली. खिडकी पांढरी पडली नाही. 'मुख्य कचेरीकडे विचारणा चालू आहे' असे लिहून सेकंद मोजत राहिली. मला फार आनंद झाला. आणि मग कॅशियरने, माझ्या खांद्यावरून पाहत, हात पुढे करून तेच बटण पुन्हा दाबले. दुसरा अर्ज रवाना.

आधी निदान मेलेल्या खिडकीवर बटण दाबता येत नव्हते. प्रोग्राम मारून पुन्हा चालू करायला दोन मिनिटे लागत. आता मी ते संकट अर्ध्या सेकंदात ओढवून घेता येईल अशी सोय करून ठेवली होती!

अर्ज गेला की बटण निष्क्रिय करावे, हे कोणालाही सुचेल, मी केलेही. पण वीज गेली तर? प्रोग्राम मारलाच तर? आणि 'रद्द करा' हे बटण दिले, तर रद्द होते ते काय? फक्त आपले वाट पाहणे. पलीकडच्या सर्व्हरच्या लेखी काहीच रद्द झालेले नसते. खूप प्रोग्राम मी पाहिले आहेत ज्यांत रद्द केल्यावर 'व्यवहार रद्द झाला' असे बिनदिक्कत लिहून येते. ही थाप आहे. 'उत्तर मिळाले नाही' आणि 'काम झाले नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आजींचे चार हजार त्या फटीतच पडले होते.

इथे पुन्हा गिरणीच उपयोगी पडते. समजा, मी डबा ठेवून आलो, आणि घरात कोणाला ते ठाऊक नसल्यामुळे मुलाने दुसरा डबा नेला. गिरणीवाला झाकणावरचे नाव पाहून म्हणतो, "तुमचा डबा आलाय की सकाळीच." नावावरून. भाजणीवरून त्याला कळले नसते. भाजणी सगळ्यांची सारखीच. आमच्या अर्जावर खाते होते, रक्कम होती, पण झाकणावरचे नाव नव्हते. एकाच माणसाने एकाच दिवशी दोनदा चार हजार काढणे यात बेकायदा काही नाही. सर्व्हरने कशावरून ओळखावे?

तेव्हा दुरुस्तीचा दुसरा, खरा भाग हा. स्लिप भरायला घेतली की शाखेतला संगणक त्या व्यवहाराला एक क्रमांक देतो: १२८ बिटांचा, जगात पुन्हा येण्याची भीती न बाळगावी असा. अर्ज पाठवण्याआधी तो क्रमांक आपल्याच डिस्कवर लिहून ठेवतो. सर्व्हर तो क्रमांक आणि नावे टाकणे या दोन्ही गोष्टी एकाच दमात नोंदवतो. होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. तोच क्रमांक पुन्हा आला तर पैसे पुन्हा नावे न टाकता पहिल्या वेळचेच उत्तर परत देतो. आणि प्रोग्राम मेला, वीज गेली, काहीही झाले, तरी पुन्हा सुरू होताच तो आधी डिस्कवरचे अर्धवट क्रमांक काढून विचारतो, 'याचे काय झाले?' आता कॅशियरने शंभर वेळा बटण दाबले तरी नोंद एकच. मी बाकावर बसलो की घरी आलो, याच्याशी या दुरुस्तीचा संबंध नाही. पण बाक सोडल्याशिवाय मला ती सुचली नसती, एवढे खरे.

पुढच्या काही महिन्यांत या 'डबा ठेवून या' पद्धतीने आणखी दोन धडे दिले. एक म्हणजे, दोन डबे ठेवले की ज्या क्रमाने ठेवले त्याच क्रमाने मिळतील असे नाही. कॅशियर खाते क्रमांक ११८ टंकून पुढे ७ टंकी. प्रत्येक थांब्याला शिल्लक विचारली जाई. ११८७ चे उत्तर आधी येई आणि मागाहून ११८ चे येऊन पडद्यावर बसे. समोर एक खातेदार, पडद्यावर शिल्लक दुसऱ्याची. प्रत्येक विचारणेला स्वतःची खूण लावून, 'मी शेवटचे विचारले ते हेच का' असे पाहून मगच उत्तर दाखवावे लागते.

दुसरा धडा अधिक मजेचा. खाते उघडताच मी सहा अर्ज एकदम सोडी: शिल्लक, फोटो, सहीचा नमुना, वगैरे. मोकळ्या गड्याला सहा डबे काय जड! पण पाहतो तो पैसे काढण्याचा अर्ज फोटोमागे ताटकळतो आहे. शोध घेतला. एका ग्राहकाने एका सर्व्हरशी एका वेळी दोनपेक्षा जास्त जोडण्या ठेवू नयेत, असा संकेत एचटीटीपीच्या १९९९ सालच्या मसुद्यात होता, आणि डॉटनेट तो इमाने-इतबारे पाळी. (२०१४ सालच्या नव्या मसुद्यात हा आकडा काढून टाकला.) वाट दोन गाड्यांची, त्यांवर दोन जाडजूड फोटो चालले आहेत, आणि मागे म्हातारीचे चार हजार हॉर्न वाजवीत आहेत! आकडा वाढवता येत होता. पण मी फोटो मागाहून मागवू लागलो. काउंटरवर फोटोआधी माणूस असतोच.

पुढे २०१२ साली डॉटनेटच्या ४.५ आवृत्तीबरोबर सी-शार्पमध्ये 'अवेट' हा शब्द आला आणि ही सगळी हाकाहाकी दिसेनाशी झाली. आता बाकावर बसल्यासारखी सरळ ओळ लिहायची. भाषाच तिचे दोन तुकडे करते, अर्ज गेला की गड्याला मोकळे सोडते आणि उत्तर आले की त्याच जागी परत आणते. फार सुरेख सोय आहे. तरी नवी पोरे त्यातही बाक शोधतातच. 'अवेट' न लिहिता 'रिझल्ट' असे लिहून उत्तर जागच्या जागी मागतात. मग काय होते? आजी उंबऱ्यावरच फतकल मारून पोराची वाट पाहत बसते. पोर सामान घेऊन येते, पण उंबरा अडलेला, म्हणून बाहेर उभे. आजी म्हणते सामान आल्याशिवाय उठणार नाही, पोर म्हणते उठल्याशिवाय येता येत नाही. प्रोग्राम कायमचा बसतो. नवा मुखत्यार आला आहे, त्याचे नाव 'एचटीटीपीक्लायंट'. पण कोणी बदलली नाही तर सबुरी त्याचीही शंभर सेकंदच! आणि आज वाण्याच्या दुकानात मोबाइलवर चक्र फिरत राहते, आपण म्हणतो 'गेले', वाणी म्हणतो 'आले नाहीत', तेव्हा माझ्या पोटात अजून गोळा येतो. ती मधली फट मला ओळखीची आहे.

संक्रांतीनंतर, म्हणजे २००९ च्या जानेवारीत, मी सुधारलेला प्रोग्राम घेऊन पाचही शाखा फिरलो. त्या शाखेत गेलो तेव्हा आजी काउंटरवर होत्या. पंधराशे काढायचे होते. त्यांनी मला ओळखले की नाही कोण जाणे, पण कॅशियरला म्हणाल्या, "बटन येकदाच दाब हां, बाबा."

त्याने दाबले, आणि नेमकी त्याच वेळी लाइन गेली. पडद्यावर सेकंद चढू लागले: सात, आठ, नऊ. माझा जीव खालीवर. पोराने मात्र पडदा आजींच्या बाजूला वळवला, "आजी, तिकडे गेलंय, उत्तर यायचंय," म्हणाला आणि तेवढ्यात मागच्या माणसाचे पासबुक छापायला घेतले. तीन-चार मिनिटांनी लाइन आली. त्याने 'पुन्हा विचारा' दाबले. आजी ओरडल्या, "अरं, दोनदा दाबलंस!"

"दाबलं, आजी. थांबा."

उत्तर आले: आधीच नावे टाकले आहे, वेळ अमुक. त्याने पंधराशे मोजून दिले. आजींनी ते घेतले नाहीत. आधी पासबुक पुढे सरकवले, छापून घेतले, आणि वाचता येत नव्हते म्हणून माझ्यापुढे धरून, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "ह्ये किती येळा हाय?"

"एकदाच, आजी."

"आन् त्याच्या वर?"

"वर दिवाळीचं आहे. ते दुरुस्त केलंय."

मग त्यांनी नोटा मोजून पदराच्या गाठीला बांधल्या.